नाचणीचे बिस्किट आणि पुड्यावरचा शब्द

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या बेकरीसमोर डब्यांची रांग लागते. घरोघरच्या स्त्रिया मैदा, पिठीसाखर व तूप घेऊन भट्टीवर जातात आणि दोन-तीन तासांनी नानकटाईचे डबे भरून परततात. महाराष्ट्रातील अनेक गावांत ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. अलीकडे या रांगेत एक नवा डबा दिसू लागला आहे. त्यात मैद्याऐवजी नाचणीचे पीठ असते आणि साखरेऐवजी किसलेला गूळ. हा डबा घरच्यापुरता असतो तोवर त्याविषयी चार गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे होते. परंतु हीच बिस्किटे पुड्यात भरून, त्यावर ‘गव्हाविना व साखरेविना’ असा शिक्का मारून जेव्हा बाजारात येतात, तेव्हा एक निराळाच प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचा विचार शेतकरी, बचत गटातील भगिनी व गावपातळीवरील कार्यकर्ते या सर्वांनी करावयास हवा.

भारताने २०१८ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्यामुळे ज्वारी, बाजरी व नाचणी या धान्यांना शहरात पुन्हा मान मिळू लागला. कोकणातील व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वरकस जमिनीत पिकणाऱ्या नाचणीला हा मान मिळणे ही समाधानाची गोष्ट होय. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला या पिकाखेरीज फारसा पर्याय नसतो. त्याच्या दाण्याला गिऱ्हाईक मिळवून देणारा कोणताही पदार्थ स्वागतार्हच मानला पाहिजे, आणि बिस्किट हा तसा पदार्थ आहे. तथापि जो माल विश्वासावर विकला जातो, तो विश्वास मोडताच विकला जाणे थांबते. नाचणीच्या बिस्किटाचा धंदा टिकावयाचा असेल, तर पुड्यावर लिहिलेला प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे. भट्टी, साचे, वेष्टन या साऱ्या गोष्टी त्यानंतरच्या होत.

बिस्किटाला गहू लागतोच असे नाही

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले म्हणजे त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो. पाव फुगतो तो याच्या जोरावर. फुगणारी हवा धरून ठेवण्याचे काम ग्लुटेन करतो. नाचणी, ज्वारी व बाजरी या धान्यांत तो नसतो, म्हणून त्यांचा पाव नीट होत नाही. परंतु बिस्किटाची गोष्ट वेगळी आहे. बिस्किट खुसखुशीत व्हावे अशीच अपेक्षा असते, आणि चिवटपणा त्याला मारकच ठरतो. नानकटाई करणारी गृहिणी मैदा फार मळू देत नाही, त्याचे कारण हेच. यास्तव ग्लुटेन नसणे हा पावाच्या बाबतीत दोष असला, तरी बिस्किटाच्या बाबतीत तो फारसा दोष नव्हे. अडचण येते ती एवढीच की बिस्किट हाताळताना लवकर मोडते. नाचणीत थोडे ज्वारीचे पीठ मिसळले, पीठ बारीक चाळणीने चाळले आणि भाजल्यावर बिस्किटे ट्रेमध्येच पूर्ण थंड होऊ दिली, तर ही अडचण बरीच कमी होते.

साखरेऐवजी गूळ वापरताना मात्र अधिक सावध राहावे लागते. साखरेचे कण भट्टीत वितळतात व थंड होताना घट्ट होतात. बिस्किटाचा कुरकुरीतपणा बराचसा त्यातून येतो. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, त्यामुळे गुळाचे बिस्किट लवकर मऊ पडते. शिवाय गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो. नाचणीचा मूळ रंगच तांबूस असल्याने बिस्किट भाजले की करपले हे रंगावरून उमगत नाही. म्हणून विस्तव मंद ठेवावा, वेळ थोडा अधिक द्यावा आणि कडा घट्ट झाल्या की बिस्किटे बाहेर काढावीत.

घरगुती प्रमाण येणेप्रमाणे ठेवावे. नाचणीचे पीठ २०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ५० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, बारीक किसून चाळलेला कोरडा गूळ १२५ ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड आणि लागेल तसे दोन-तीन मोठे चमचे दूध. दोन्ही पिठे कढईत मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतून थंड करावीत, म्हणजे कच्चट चव राहत नाही. तूप व गूळ हलके होईपर्यंत फेसावेत. त्यात मीठ, वेलदोडा व बेकिंग पावडर मिसळलेले पीठ घालून, दुधाचा हात लावत गोळा करावा. सुमारे १५ ग्रॅमचे गोळे वळून किंचित दाबावेत व १५० ते १६० अंश सेल्सिअस उष्णतेवर १८ ते २२ मिनिटे भाजावेत. या प्रमाणात ३० ते ३५ बिस्किटे होतात. लाकडावरची भट्टी असेल तर पाव काढून झाल्यावर उतरत्या उष्णतेत ती भाजावीत. बिस्किटे पूर्ण थंड झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावीत. कोमट असताना भरली तर वाफ धरून ती मऊ पडतात.

पिठाचा काही भाग मोड आणलेल्या नाचणीचा असेल तर आणखी चांगले. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, सावलीत वाळवून मंद भाजावी व दळावी. मोड येताना धान्यातील काही पिठूळ भागाची साखर होते. त्यामुळे पिठाला स्वतःचा गोडवा येतो व गूळ थोडा कमी करता येतो.

‘गहू नाही’ या शब्दांवर कोण विसंबतो

ज्याला चव म्हणून नाचणीचे बिस्किट हवे आहे, त्याच्या पोटात चिमूटभर गहू गेला तर काही बिघडत नाही. परंतु ‘गव्हाविना’ हा शब्द वाचून पुडा उचलणाऱ्यांत एक वर्ग असा असतो की ज्याला गहू हे विष आहे. सिलिॲक नावाच्या विकारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. अन्न अंगी लागत नाही. मुलाची वाढ खुंटते, जुलाब होतात, रक्त कमी होते. या विकारावर आयुष्यभर गहू, सातू व राय वर्ज्य करणे हाच उपाय आहे.

गव्हाचा व या विकाराचा संबंध विलेम डिके नावाच्या डच बालवैद्याने प्रस्थापित केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाची भीषण टंचाई झाली व पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले सुधारली, आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा खालावली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. पुढे १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. ज्या पावाची सारा देश वाट पाहत होता, तोच पाव त्या थोड्या मुलांना घातक होता. पुड्यावर ‘गहू नाही’ असे लिहिणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकावयाच्या पदार्थात एका किलोस २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असू नये, अशी आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा आहे. ही मर्यादा किती बारीक आहे ते पाहा. गव्हाच्या पिठात ग्लुटेनचा अंश ढोबळमानाने एक दशांश धरला, तर २० मिलिग्रॅम ग्लुटेन २०० मिलिग्रॅम पिठात येते. म्हणजे एक किलो बिस्किटांत ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याइतके गव्हाचे पीठ मिसळले की मर्यादा संपली. ही एक चिमूटसुद्धा नव्हे.

“पीठ तर आमच्याच शेतातल्या नाचणीचे, मग त्यात गहू आला कोठून?” असा प्रश्न गटातील भगिनी विचारतात, आणि तो रास्तही आहे. गहू अनेक वाटांनी येतो. मळणी यंत्रात आधी गहू मळलेला असतो. नाचणी ज्या पोत्यात भरली, त्यात मागील हंगामात गहू असतो. गिरणीच्या जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे गव्हाचे पीठ राहिलेले असते, आणि ते पहिल्या शेर-दोन शेर नाचणीबरोबर बाहेर पडते. बेकरीच्या ओट्यावर, ट्रेवर, चाळणीवर व हवेतही मैदा असतो. रवा व कणीक गव्हाचीच, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु खपली हाही गहूच आहे आणि आपल्याकडे सातूचे पीठ म्हणून जे मिळते त्यात बहुधा गहू असतो, याचा अनेकांना विसर पडतो. यांपैकी एकही वाट उघडी राहिली, तर शुद्ध नाचणीचे बिस्किटही ग्लुटेनमुक्त राहत नाही.

या वाटा बंद करता येतात, परंतु त्यासाठी व्यवस्था करावी लागते. शेतकऱ्याने या मालासाठी राखलेली नाचणी स्वच्छ खळ्यावर वेगळी मळावी व नव्या पोत्यांत भरावी. गटाने स्वतःची लहान चक्की घ्यावी व तीवर गहू कधीही दळू नये. चाळण्या, परात, ट्रे व भट्टी ही सर्व वेगळी असावीत. ज्या खोलीत मैदा उधळतो त्या खोलीत हा माल करू नये. आणि एवढे करूनही तयार माल प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द पुड्यावर छापू नये.

‘साखर नाही’ याचा अर्थ

दुसरा शब्द ‘साखर नाही’ हा होय. येथे फसगत अधिक सोपी असते, कारण ती करणाऱ्यालाही आपण खरेच बोलत आहो असे वाटते. पांढरी साखर घातलेली नाही हे खरे. परंतु गूळ हा उसाच्याच रसाचा आणि त्यात बहुतांशी साखरच असते. वर दिलेल्या प्रमाणातील तीन बिस्किटांत सुमारे दहा ग्रॅम गूळ जातो. मधुमेही माणसाच्या रक्तात तो साखरेसारखाच चढतो. ‘गूळ चालतो’ असे समजून घरातील वडीलधारी माणसे ही बिस्किटे दिवसभर खात राहिली, तर त्याचा दोष ज्याने तसे छापले त्याच्याकडेही जातो. गूळ घातलेल्या पदार्थावर ‘साखर घातलेली नाही’ असे म्हणणे नियमातही बसत नाही. ‘गुळाचे बिस्किट’ असे लिहावे. ते खरे आहे आणि विकण्यासही पुरेसे आहे.

गुळाच्या शुद्धतेचीही चौकशी करावी. काही ठिकाणी गुऱ्हाळात साखर मिसळून गूळ केला जातो. तो घेतला तर ‘साखरेऐवजी गूळ’ हे म्हणणेही खोटे ठरते. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून रंग उजळण्यासाठी रसायने वापरली जातात. बिस्किटाला रंगाची गरज नाही. नाचणीत काळसर गूळही खपून जातो. यास्तव गटाने जवळच्या गुऱ्हाळवाल्याशी आधीच ठरवून, भेंडीच्या चिकट रसाने मळी काढलेला, रसायनाविना केलेला गूळ घ्यावा. त्यात शेतकऱ्याचाही लाभ आहे, कारण रंगासाठी नाकारला जाणारा त्याचा चांगला गूळ येथे खपतो.

पौष्टिकतेची बढाईही मोजूनमापून करावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मैद्यात ते वीस-पंचवीस मिलिग्रॅमच असते. हे अगदी खरे. परंतु वरील प्रमाणाच्या एका बिस्किटात नाचणी सहा ग्रॅमही नसते, म्हणजे नाचणीतून मिळणारे कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅम. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ते २१० मिलिग्रॅमच्या आसपास येते. एका भाकरीची बरोबरी करण्यास दहा बिस्किटे खावी लागतील, आणि त्यांबरोबर ३५ ग्रॅम तूप व तितकाच गूळ पोटात जाईल. तेव्हा नाचणीचे बिस्किट मैद्याच्या बिस्किटापेक्षा बरे, एवढेच म्हणावे. ते भाकरीची जागा घेऊ शकत नाही. मुलाच्या ताटात आधी भाकरी वा आंबील असावी आणि बिस्किट खाऊ म्हणून असावे.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की इतके नियम सांगितले तर गटातील स्त्रिया धंदाच करणार नाहीत. वेगळी चक्की व वेगळी भट्टी घेण्याचे सामर्थ्य किती जणींकडे आहे? थोडा मैदा घातला तर बिस्किट मोडत नाही, दिसतेही चांगले, मग आडकाठी कशाला?

या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. प्रत्येक गटाने ग्लुटेनमुक्त बिस्किटच केले पाहिजे असे मुळीच नाही. माल दोन प्रकारचा असू शकतो व त्याला नावे दोन असावीत. गावच्या गिरणीत दळलेले, बेकरीत भाजलेले, प्रसंगी थोडा मैदा घातलेले बिस्किट ‘नाचणीचे बिस्किट’ म्हणून खुशाल विकावे. त्यात मैदा असेल तर किती आहे ते लिहावे आणि नसेल तरी ‘गव्हाचा अंश असू शकेल’ असे स्पष्ट छापावे. असे बिस्किट घेणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. दुसरा माल सिलिॲक रुग्णांसाठी. तो ज्या गटाला सर्व व्यवस्था करता येईल त्यानेच करावा. त्याला किंमत अधिक मिळते, कारण तो विश्वसनीय असा सहज मिळत नाही. पहिल्या मालावर दुसऱ्याचे नाव लावणे हा धंदा नव्हे, ती फसवणूक आहे, मग ती अजाणतेपणी का घडेना.

हिशेब करून पाहिला तरी हेच दिसते. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी नाचणीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाली. एक किलो बिस्किटांना सुमारे अर्धा किलो पीठ लागते. ते सारे नाचणीचे धरले तरी दाण्याची किंमत पंचवीस रुपयांच्या आतच राहते. तूप, गूळ व सरपण वेगळे. याउपर गिऱ्हाईक जे पैसे मोजते ते बनविणाराच्या कष्टाचे व शब्दाचे. कष्ट दुसरा कोणीही करू शकेल, मोठा कारखाना तर ते स्वस्तात करील. गावच्या गटाची खरी मिळकत शब्दात आहे.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने गटाला कृती शिकविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे बिस्किट कोण खाणार? पीठ कोठे दळणार? पुड्यावर काय लिहिणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळत असतील तरच पुढे जावे. अन्न नोंदणी, घटकपदार्थांची यादी, तयार केल्याची तारीख, वजन या गोष्टी कायद्याने आवश्यक आहेतच. त्या भरून घेण्यास मदत करावी. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद होती. अशा योजनांतून पैसा मिळत असेल तेव्हा गटाचे लक्ष आधी आकर्षक वेष्टनयंत्राकडे जाते. ते वेगळ्या चक्कीकडे वळविणे हे कार्यकर्त्याचे काम होय.

प्रदर्शनातही एक पथ्य पाळावे. ‘मधुमेहावर उत्तम’, ‘सर्व विकारांवर गुणकारी’ असे फलक गटाच्या दुकानी लावू देऊ नयेत. नाचणीला अशा स्तुतीची गरज नाही. निकृष्ट जमिनीत, डोंगरउतारावर, थोड्या खर्चात येणारे, चांगले वाळवून ठेवले तर वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य आपल्या गुणांवर उभे राहू शकते.

गावात एखादे मूल असे असते की ज्याला शाळेतील इतर मुलांच्या डब्यातील बिस्किट खाता येत नाही. त्याची आई पुडा हाती घेते आणि त्यावरचे अक्षर न् अक्षर वाचते. तिच्याजवळ ना प्रयोगशाळा असते, ना दुसरा काही पुरावा. पुड्यावर छापलेला शब्द हाच तिचा आधार असतो. तो शब्द खरा असेल तर ते मूल इतरांसारखे खाऊ खाईल, आणि ती आई पुन्हा त्याच गटाचा पुडा मागेल. डोंगरावरच्या शेतकऱ्याची नाचणी खपावयाची आहे ती या मागणीवर.